कानातल्याचं भूत

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून दात उपटणं बंद. आता नुसते बघायचे. इतकी वर्षं लोकांच्या तोंडात वाकून वाकून माझी मान वाकडी झाली, आणि मला बघून कुणाच्या चेहऱ्यावर कधी आनंद उमटला नाही तो नाहीच.

दातांच्या एक्स-रे सेंटरमध्ये लागले आहे. गावातले दातांचे डॉक्टर माणसं पाठवतात, मशीन त्यांच्या डोक्याभोवती फिरतं, आणि या कानापासून त्या कानापर्यंतचा सगळा जबडा एका लांबट फोटोत येतो. तो वाचून काय आहे ते लिहून द्यायचं. सेंटर मॅडमचं आहे. कॉलेजात त्यांच्या लेक्चरला बसायला जागा मिळायची नाही, आम्ही दारात उभं राहून ऐकायचो. राखाडी डागांमधून त्या माणसाची अख्खी कहाणी काढायच्या. त्यांनी स्वतः फोन करून मला बोलावलं यावर अजून माझा विश्वास बसत नाही.

'मॅडम, मीच का? माझे मार्क तर यथातथाच होते,' मी विचारलंच.

'तू तोंडी परीक्षेत बडबड फार करायचीस,' त्या म्हणाल्या. 'दिसेल ते सगळं सांगत सुटायचीस. मला तशीच मुलगी हवी होती.'

आता हे कौतुक समजायचं का काय, कोण जाणे. मी कौतुकच समजले.

पहिला फोटो लागला. मी म्हणाले, 'मॅडम, ही गाठ आहे.' त्यांनी हात वर केला. 'नाव घेऊ नकोस. आधी सांग काय दिसतंय. कुठे आहे, केवढं आहे, कडा कशी आहे, आत काय आहे. नाव घेतलं की माणूस बघायचं थांबतो.' मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी चक्क डोळे मिटले आणि मी सांगत गेले. मधेच एखादा प्रश्न विचारायच्या, असा की मी पुन्हा फोटोकडे बघायचे आणि तिथे खरंच काहीतरी असायचं. डोळे मिटून त्यांना माझ्यापेक्षा जास्त दिसतं. याला म्हणतात अभ्यास.

६ फेब्रुवारी, गुरुवार

घरात पुन्हा वास.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, सकाळी स्वयंपाकघरात आल्या, वाकून ओट्याखालचं पातेलं काढलं आणि रुमाल नाकाला लावला. 'काहीतरी कुजलंय गं.'

काहीही कुजलेलं नाही. ओट्याखालचा कप्पा मी रविवारी रिकामा करून साबणाने पुसला. मोरीत उकळतं पाणी ओतलं. शेजारीण येऊन हुंगून गेली, तिला वास नाही. नवरा गुडघ्यावर बसून हुंगून आला, त्यालाही नाही. वास फक्त आईंना येतो, आणि तो नेमका मी आवरलेल्या जागी येतो.

'खाली वाकले की जास्त येतो,' असंही वर म्हणाल्या. म्हणजे वरवर सगळं चकाचक, जरा खाली वाकून बघा सुनेचा कारभार. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे तर मध्ये लेकसुद्धा नाही, माल थेट घरपोच.

नवऱ्याला विचारलं, 'तू काय म्हणतोस?' तर म्हणाला, 'दोघींचंही बरोबर आहे.' वास एकतर असतो नाहीतर नसतो, दोघींचं बरोबर कसं असेल? आमच्या दोघींच्या मध्ये हा माणूस लग्नापासून तटस्थ राष्ट्र आहे. यापुढे याला इथे तटस्थच लिहीन.

आई जेवायला बसल्या, दोन घास खाल्ले, ताट हुंगलं आणि बाजूला सरकवलं. ताट हुंगलं. स्वयंपाक मी केला होता. मी भांडी जरा जोरात घासली.

८ फेब्रुवारी, शनिवार

मॅडमच्या शिस्तीपुढे हात टेकले. त्यांचा चहाचा कप टेबलाच्या उजव्या कोपऱ्यातच लागतो. आज मी फाईल ठेवायला तो वीतभर सरकवला तर त्यांच्या हाताने कलंडला. 'जागची वस्तू हलवायची नाही,' म्हणाल्या, आणि आवाज असा की मी चहा पुसून कप आधी होता तिथे ठेवला.

आणखी एक. सगळ्या रिपोर्टांवर सही माझी असते. पहिल्या आठवड्यात नव्या माणसाला सही. शिवाय प्रत्येक फोटो त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला पाठवायचा, तो दुसऱ्या गावी असतो, त्याने बघितल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जात नाही. मला ते जरा लागलं. मॅडम शेजारी बसलेल्या असताना त्या विद्यार्थ्याची काय गरज? पण मोठी माणसं अशीच असतात, स्वतःच्या कामावरही आंधळा विश्वास ठेवत नाहीत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी चहा घेताना आईंनी जाहीर केलं. महिनाअखेर त्या धाकट्या बहिणीकडे राहायला जाणार. किती दिवस, असं तटस्थने विचारलं. 'आता तिकडेच राहीन म्हणते,' त्या म्हणाल्या. 'तीही एकटीच आहे. इथे माझ्या नाकाने तुम्हाला जगणं नको केलंय. मलाही कळतं.'

तटस्थ कपातल्या चहाकडे बघत बसला. मग म्हणाला, 'तुला बरं वाटेल तसं कर.' आई उठून आत गेल्या.

मला बरं वाटायला हवं होतं. जागोजागी हुंगणारं माणूस घरातून जाणार, आणखी काय हवं. पण त्या गेल्यावर कप उचलताना बघितलं, त्यांनी चहा अर्धाच प्यायला होता, आणि मघाशी कप धरताना दिसलं होतं, बोटातली अंगठी निसटू नये म्हणून तिला दोरा गुंडाळला होता. इतक्या कधी वाळल्या या? मला चहा गोड लागेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

जायच्या आधी वरचे दात बसवून घ्यायचे म्हणतात. 'तिकडे मला कोण नेणार?' त्यांच्या दातांच्या डॉक्टरने आधी जबड्याचा फोटो आणायला सांगितलाय. म्हटलं चला, माझ्याच मशीनवर काढू. सुनेच्या कामाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे.

वरच्या उजव्या बाजूला मागे दाढ नाहीच. कधी काढली, विचारलं. 'हा सहा महिन्यांचा होता तेव्हा,' तटस्थकडे बोट दाखवत म्हणाल्या. 'डॉक्टरने अर्धा तास खटपट केली. एक तुकडा मोडून वर सरकला तो त्याला सापडेना. म्हणाला राहू दे, काही होत नाही. हा बाहेर रडत होता, मग मीही राहू दिला.'

तटस्थ म्हणाला, 'म्हणजे माझ्यामुळे?' आणि बऱ्याच दिवसांनी तिघं हसलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तरी लिहिते.

आईंना सेंटरवर नेलं. आत नेताना सांगितलं, चष्मा, साखळी, कानातलं, सगळं काढायचं. धातू राहिला की फोटोत त्याची खूण उमटते, आणि नुसती एक नाही. एका कानातला दागिना राहिला तर त्या कानापाशी तो स्वतः दिसतोच, शिवाय समोरच्या बाजूला, थोडा वर, त्याची दुसरी फिकट आकृती येते. आमच्या धंद्यात तिला भूत म्हणतात. त्यांच्या डाव्या कानातल्याचा फिरकीचा भाग कायम अडकतो, घरी मलाच साबण लावून काढावा लागतो. बाहेर चारजण ताटकळत होते. 'काढलं का?' मी दारातून विचारलं. 'काढलं,' त्या म्हणाल्या. मी बघितलं नाही, बटण दाबलं.

फोटो आला आणि उजव्या गालाच्या हाडाआडच्या पोकळीत, सायनसमध्ये, पांढरा ठिपका. नेमका भूत येतं तिथे. बाहेर येऊन बघते तर बाईसाहेबांच्या दोन्ही कानांत कानातलं.

'आई, काढलं नव्हतं ना?'

'काढलं होतं. फोटो झाला, परत घातलं.'

'अडकणारं कानातलं इतक्यात घातलंसुद्धा?'

'आता बारीक झालेय, कानही सैल झालेत. सहज निघतं.'

चारजणांसमोर मी म्हणाले, 'नसलेले वास येतात, आणि असलेलं कानातलं नसतं.' बोलून गेले. आईंनी चष्मा घातला, पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरल्या. मला वाटलं होतं फणकारतील. फणकारल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोटो पुन्हा काढायला हवा. पण आता कोणत्या तोंडाने बोलवू?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मॅडमना म्हणाले, 'एक फोटो बिघडलाय. कानातल्याचं भूत आलंय. सासूबाईच आहेत माझ्या, ऐकत नाहीत.'

'नाव घेतलंस,' त्या म्हणाल्या. 'लाव फोटो. सांग.'

मी कंटाळत कंटाळत सुरू केलं. उजव्या सायनसमध्ये, तळाशी. चण्याएवढं. पांढरं.

'कडा?'

'स्पष्ट,' मी म्हणाले, आणि थांबले. भुताची कडा स्पष्ट नसते. भूत धुरकट असतं, ताणलेलं असतं. हे विद्यार्थीसुद्धा सांगेल.

मॅडम घाईत नव्हत्या. 'बरं. भूत म्हणतेस. भूत उजवीकडे, म्हणजे कानातलं डाव्या कानात. डाव्या कानापाशी काय दिसतंय?'

मी बघितलं. पुन्हा बघितलं. फोटो मोठा करून बघितला. डाव्या कानापाशी हाड होतं, दुसरं काही नव्हतं.

'काही नाही, मॅडम.'

'देह नाही तर भूत कुणाचं?'

माझे कान तापले. डाव्या कानात काहीच नव्हतं, म्हणजे आईंनी कानातलं काढलं होतं. त्या खरं बोलत होत्या. चारजणांसमोर मी जे बोलले ते पुन्हा ऐकू आलं, शब्दन् शब्द. हे मी काल बघू शकले असते, मान जराशी डावीकडे वळवायची होती फक्त. रागाने नाव घेतलं आणि बघायची थांबले.

'मग ते काय असेल?' मी विचारलं. एकदम भीती वाटली. हाडाची गाठ, आणखी काही वाईटसाईट.

'नाव घेऊ नकोस,' मॅडम म्हणाल्या, पण या वेळी आवाज मऊ होता. 'त्यांना काय त्रास होतो?'

'त्रास काही नाही. नुसता वास येतो म्हणतात. कुजका. कुणालाच येत नाही, त्यांनाच येतो. खाली वाकलं की…'

मी वाक्य पूर्ण केलं नाही. मॅडमनीही करायला लावलं नाही. मी डॉक्टर आहे. गालातल्या पोकळीत काही अडून पू साठला तर कसला वास येईल, आणि मान खाली घातली की तो आत कुठे ओघळेल, हे मला शिकवलेलं आहे, त्यावर मी परीक्षा पास झालेली आहे. आणि गेले कित्येक महिने मी ओटा पुसते आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तीन दिवस आई माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मीही. पुन्हा फोटो काढायचाय एवढं सांगितलं, त्या बरं म्हणाल्या. बहिणीकडे न्यायची बॅग पलंगाखालून बाहेर आली आहे, दार उघडं असलं की दिसते.

मला 'चुकलं' म्हणायचंय. पण आधी नीट कळू दे, मग म्हणेन, असं स्वतःला समजावलंय. खरं कारण ते नाही. खरं कारण म्हणजे मला लाज वाटते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

थ्रीडी स्कॅन केला. यात जबड्याच्या पावाच्या तुकड्यांसारख्या चकत्या करून एकेक बघता येते. कानातलं काढायला मी स्वतः आत गेले. डाव्या कानातलं खरंच सहज निघालं, साबण लागला नाही. हातात घेऊन उभी राहिले तर आई म्हणाल्या, 'दे, हरवशील.'

मग मॅडम मागे रेलून बसल्या आणि मी चकत्या सांगत गेले. इतकं नीट मी आयुष्यात काही बघितलं नसेल.

'उजव्या सायनसच्या तळाशी. बाहेरून खडबडीत. भोवती सूज आहे, अस्तर जाड झालंय, अर्धी पोकळी भरली आहे. आत थर आहेत.'

'कसे थर?'

'कांद्यासारखे. एकावर एक. आणि मधोमध काहीतरी वेगळं.'

'आकार?'

'निमुळता. एक टोक बारीक, दुसरं तुटल्यासारखं. आणि त्याच्या मधून एक काळी रेघ जाते. केसाएवढी, टोकापर्यंत.'

मॅडम पुढे वाकल्या. 'पोकळ रेघ आहे? टोकापर्यंत?'

'हो.'

'आता नाव घे.'

मी घेतलं. दाताचं मूळ. ती रेघ म्हणजे आतल्या नसेची जागा. दाढ काढताना वर सरकलेला तुकडा तिथे तसाच बसला आणि त्याच्यावर क्षारांचे थर चढत गेले. सायनसमधला खडा. कानातल्याचं भूत नव्हे, तटस्थ रांगायला लागण्याआधीपासून तिथे मुक्काम ठोकलेला पाहुणा.

'शाब्बास,' मॅडम म्हणाल्या. इतकंच. पण मला सुवर्णपदक मिळाल्यासारखं झालं. मी बोलत असताना त्यांनी स्क्रीनकडे नजरही टाकली नव्हती. अशी बुद्धी जवळून बघायला मिळते हेच माझं नशीब.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं एकदाचं. आई पलंगावर कपडे घडी करत होत्या. मी शेजारी बसले आणि आधी खडा सांगितला, मग वास सांगितला. हा वास खरा आहे, तो तुमच्या गालात आहे, म्हणून तुम्ही जाल तिथे येतो आणि आम्हाला येत नाही.

बराच वेळ त्या हातातली घडी सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, 'म्हणजे मला वेड नाही लागलेलं?'

माझ्या डोक्यात इतके दिवस हे आलंच नव्हतं. मी टोमणे मोजत बसले होते, आणि या बाई मनातल्या मनात घाबरत होत्या. डोकं फिरायला लागलंय, सुनेसमोर शोभा नको, म्हणून बहिणीकडे निघाल्या होत्या.

'नाही हो आई,' मी म्हणाले. 'वेडी मी. माझं चुकलं. त्या दिवशी चारजणांसमोर बोलले तेही चुकलं.'

'तू ओटा मात्र फार स्वच्छ ठेवतेस,' त्या म्हणाल्या. 'मी दरवेळी बघायचे आणि कळायचं नाही, एवढ्या स्वच्छ जागेत वास कुठून येतो.' मग मी रडले. त्यांनी घडी केलेला रुमाल दिला. त्याला खरोखर कसलाच वास नव्हता.

तटस्थ दारात उभा होता. 'दोघींचंही बरोबर होतं,' म्हणाला. आम्ही दोघींनी एकदमच त्याला गप्प बसवलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

नाकाच्या डॉक्टरांनी स्कॅन बघितला. नाकातून दुर्बीण घालून खडा काढणार, बाहेरून टाका नाही. 'रिपोर्ट कुणी लिहिला? खड्यातली नसेची जागासुद्धा लिहिली आहे,' त्यांनी विचारलं. आईंनी माझ्याकडे बोट दाखवलं, आणि मान अशी केली जशी मी त्यांच्या पोटची असावी. मी म्हणाले, मॅडमनी शिकवलं.

आज आई जाणार होत्या. बॅग पलंगाखाली परत गेली आहे. कुणी काढायला सांगितलं नाही, कुणी ठेवायलाही नाही. मी बघितलं आणि दार लोटून घेतलं.

४ मार्च, मंगळवार

झालं ऑपरेशन. व्यवस्थित. डॉक्टरांनी खडा छोट्या बाटलीत घालून दिला. पिवळट तपकिरी, वाळलेल्या चण्यासारखा, एका बाजूला खडबडीत. एवढ्याशा दगडाने माझं घर मोडत आणलं होतं.

शुद्धीवर आल्यावर आईंनी बाटली डोळ्यांसमोर धरली. 'हा तुझ्यापेक्षा सहा महिन्यांनी लहान,' त्या घोगऱ्या आवाजात तटस्थला म्हणाल्या. 'तुझा धाकटा भाऊ. तुझ्यासारखाच, तोंडातून शब्द नाही.'

९ मार्च, रविवार

दुपारी एक गंमत झाली, खरं तर सुरुवातीला अजिबात गंमत नव्हती. आई स्वयंपाकघरात आल्या, थबकल्या आणि म्हणाल्या, 'वास येतोय.'

मी हातातला चमचा खाली ठेवला. तटस्थने पेपर खाली केला. कुणी कुणाकडे बघेना. खडा पुन्हा झाला का, काही राहून गेलं का, माझ्या डोक्यात नाही नाही ते.

'कुजका,' आई म्हणाल्या. त्यांचाही चेहरा उतरला होता.

मग मी ठरवलं की नाव घ्यायचं नाही. आधी बघायचं. गुडघ्यावर बसले, ओट्याखालचे डबे एकेक करून बाहेर काढले. पिठाचा डबा सरकवला आणि मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, एक बटाटा. काळा, मऊ, पाणी सुटलेला. मी जवळ नाक नेलं आणि डोळ्यांतून पाणी आलं.

'सापडला,' मी ओरडले. 'आई, या वेळी देह आहे.'

त्यांना देह म्हणजे काय कळलं नाही, पण बटाटा कळला. मग मॅडमचं ते वाक्य सांगितलं. आई इतक्या हसल्या की डॉक्टरांनी हसायला मना केलंय याची मला आठवण करून द्यावी लागली. मला कितीतरी दिवसांत असा आनंद झाला नव्हता, आणि तोही कुजक्या बटाट्याचा. सून गबाळी निघाली, पण सासू शहाणी निघाली. आईंना वास आला म्हणजे कुठेतरी काहीतरी असतंच, हे आता या घरात कायमचं ठरलं.

संध्याकाळी पूर्ण जेवल्या. ताट हुंगलं, आणि म्हणाल्या, 'छान वास आहे.'

१२ मार्च, बुधवार

आईंना मॅडमना भेटायचं होतं, खडा दाखवायला आणि आभार मानायला. नेलं.

मॅडम फार छान बोलल्या. बाटलीचं झाकण उघडून खडा तळहातावर घेतला, अंगठ्याने फिरवला. 'एका बाजूला खडबडीत, या बाजूला गुळगुळीत. इथे बारीक खळगा. इथेच तळाला टेकलेला असणार,' म्हणाल्या. मी अवाक झाले. नुसत्या बोटाने. आई मात्र गप्प गप्प. नमस्कार करून निघालो.

रस्त्यावर आल्यावर आई म्हणाल्या, 'तुझ्या मॅडमना दिसत नाही गं नीट.'

'काहीतरीच काय आई,' हे माझ्या ओठांवर आलं होतं. सगळ्यांच्यात खोट काढायची सवयच आहे, हेही त्याच्या मागून येत होतं. मग बटाटा आठवला. तोंड मिटलं.

'कशावरून?' मी विचारलं.

'मी समोर बसले होते आणि त्या माझ्या खांद्याशी बोलत होत्या. खडा त्यांनी बघितला नाही, चाचपला. आणि आपण उठलो तेव्हा आपण कुठे आहोत ते त्यांनी तुझ्या चपलांच्या आवाजावरून ओळखलं.'

आईंनी माझा हात धरला, रस्ता ओलांडायला म्हणून, आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

घरी येऊन बसले आहे तेव्हापासून सगळं आठवतंय. जागचा न हलणारा कप. माझी सही. दुसऱ्या गावचा तो विद्यार्थी. मिटलेले डोळे. तू बडबड फार करायचीस, दिसेल ते सगळं सांगत सुटायचीस, मला तशीच मुलगी हवी होती. त्यांनी काही लपवलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्या तोंडावर सांगितलं होतं, आणि मी ते कौतुक समजले. कौतुकही होतंच ते. आणि एकही चुकीचा रिपोर्ट बाहेर जाऊ नये म्हणून त्यांनी केवढी व्यवस्था लावून ठेवली आहे. त्यांचं ते गेलंय, ज्याच्यावर त्यांचा सगळा जन्म उभा आहे, आणि त्या शांत बसून मला माझे डोळे कसे वापरायचे ते शिकवतात.

त्यांच्याशी यावर बोलायचं का? 'मॅडम, तुमच्या डोळ्यांना काय झालंय,' असं मी विचारणार? आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, 'तू मला वास येतो का असं सारखं विचारायचीस तेव्हा मला कसं वाटायचं? विचारू नकोस. काम सोपं कर.'

१३ मार्च, गुरुवार

लवकर गेले. टेबल आवरलं, कप उजव्या कोपऱ्यात, पूर्वीच्या ओल्या वर्तुळावर बरोबर ठेवला. दारातली कुणीतरी आडवी ठेवलेली खुर्ची भिंतीला लावली.

मॅडम आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, बसल्या. पहिला फोटो लागला. रोज त्या 'हं, सांग' म्हणतात आणि मी सुरू करते. आज त्यांनी मान मागे टेकायच्या आधीच मी सुरू केलं.

'बाई आहेत, साधारण पन्नाशीच्या. फोटो सरळ आलाय, मान हललेली नाही. दोन्ही कान मोकळे आहेत, कानातलं नाही. उजवीकडून येते, मॅडम. वरच्या मागच्या दाढेपासून.'

दाढ, तिचं मूळ, मुळाच्या वरची सायनसची रेघ, सगळं सांगत गेले. नाव कशाचंच घेतलं नाही. मॅडमचे डोळे आज उघडेच होते आणि माझ्या खांद्याकडे लागलेले होते. मग त्यांनी हात पुढे केला, कप बरोबर हाताला लागला, एक घोट घेतला.

'तुझ्या सासूबाई हुशार आहेत,' त्या म्हणाल्या.

'हो, मॅडम,' मी म्हणाले. माझा आवाज जरा कापला, तो त्यांना ऐकू गेलाच असणार. मी घसा साफ केला आणि खालच्या जबड्याचं सांगायला लागले.